मागच्या दाराने येणाऱ्या इंदूमावशी

इंदूमावशी कुणाच्याही घरी पहिल्यांदा गेल्या की पुढच्या दाराने जात नसत. फाटक उघडायचं, घराला वळसा घालायचा आणि वाळत घातलेल्या कपड्यांखालून वाकून, मोरीच्या कडेने थेट स्वयंपाकघरात उगवायचं. घरची बाई दचकली की त्या पदराने तोंड पुसत म्हणायच्या, "पानी देता का वं बाई? लय ऊन हाय." बाई माठाकडे जाऊन परत येईपर्यंत मावशींचं निम्मं काम झालेलं असे. भांडी कशी पालथी घातली आहेत, सुनेची चप्पल कुठे आहे, म्हातारीचं ताट कधी वाढलं जातं, सगळं डोळ्यांत जमा. "समोरची खोली सारेच सजवतात," त्या सांगायच्या. "मानूस पाहाचा असंन तं मोरीकडून पाहावं."

हे काम म्हणजे सोयरिकीची चौकशी. मावशी माझ्या बायकोची, वर्षाची, सख्खी मावशी. काका खापरखेड्याच्या वीज केंद्रात नोकरीला होते आणि दोघांचा संसार तिथल्या कॉलनीत झाला. कॉलनीत माणसं चहूकडून आलेली. शेजारच्या क्वार्टरमधल्याचं मूळ गाव कोणतं, तिथे त्याला लोक काय म्हणतात, कुणाला ठाऊक नसे. मुलीचं लग्न ठरवायचं तर कुणीतरी एसटीत बसून त्या गावी जाऊन पाहून यायला हवं. ते कुणीतरी म्हणजे मावशी. त्यांना मोबदला नको असे, पहिल्या पंगतीत बसायचा मान मात्र हवा असे, आणि जेवतानाही त्यांची नजर वाढणाऱ्या मुलांवर फिरत असे.

त्या कधी चुकत नसत असं नाही. एका घरची मोरी लखलखीत पाहून त्यांनी होकार दिला आणि लग्नानंतर कळलं की मोरी घासत होता तो भाडेकरू. मुलीने निभावून नेलं, पण मावशी ही फजिती स्वतःच सगळ्यांना सांगत. "तवापासून मोरी कशी हाय ते मी पाहात नाई. कोन घासते ते इचारतो." आमच्याकडच्या जुन्या बायका ‘मी इचारतो’च म्हणतात, तशा त्याही म्हणत.

माझी त्यांची पहिली भेट घराच्या मागच्या बाजूलाच झाली. मी तेव्हा लग्नाचा होतो. फाटक्या बनियनवर, पेरूच्या झाडाआड उभा राहून सिगारेट ओढत होतो. एक अनोळखी बाई वाळत घातलेली चादर बाजूला सारून पुढे आल्या. मी हात पाठीमागे नेला.

"देवघरे इथंच राहतात ना?"

"हो."

"त्यायचा पोरगा कसा हाय?"

"चांगला आहे," मी म्हणालो.

"काही व्यसन?"

"अजिबात नाही."

माझ्या पाठीमागून धूर वर जात होता. मावशींनी धूर पाहिला, झाड पाहिलं आणि त्या आत गेल्या. मी तिथेच खिळलो. थोड्या वेळाने त्या निघाल्या, तेव्हा मी कसाबसा सदरा चढवला, गल्लीच्या टोकापर्यंत धावत गेलो आणि धापा टाकत सांगितलं, "बाई, तो मुलगा मीच. आणि मी सिगारेट ओढतो."

"बरं," त्या म्हणाल्या आणि रिक्षात बसल्या.

काही दिवसांनी होकार आला. माझ्याविषयी त्यांनी वर्षाच्या घरी काय सांगितलं, ते मला कुणी कधी सांगितलं नाही. मावशींना विचारलं की म्हणायच्या, "पास झाले ना जावईबापू? मंग पेपर काहून पाहाता?"

आता माझ्या धंद्याविषयी सांगितलं पाहिजे, कारण मावशी मला खऱ्या कळल्या त्या तिथे. नागपुरात, सदरमध्ये एका चष्म्याच्या दुकानावर माझं छोटं ऑफिस आहे. मी, रेणुका आणि लेख लिहिणारी दोन-तीन मुलं. आधी आम्ही दुसऱ्यांच्या वेबसाइटींसाठी लिहायचो. मग संत्रा-मोसंबीच्या बागांवर स्वतःची साइट काढली. नरखेडकडच्या बागाईतदारांच्या हातात मोबाइल आला होता आणि झाडावर काही दिसलं की ते आधी मोबाइलला विचारू लागले होते. आमची साइट पहिल्या पानावर असे. जाहिराती मिळत. सगळ्यांची घरं त्यावर चालत.

पण आमच्यापैकी कुणीही आयुष्यात संत्र्याचं एक झाड लावलेलं नव्हतं. दुसऱ्यांच्या साइटी उघडायच्या, इकडचं एक वाक्य, तिकडचं एक वाक्य उलटंपालटं करून लेख उभा करायचा. लेखाला वजन यावं म्हणून मी एक तज्ज्ञही तयार केला होता. डॉ. विश्वास साखरकर. नाव मीच ठेवलं. फोटो माझ्या साडूचा, विनोदचा. एका रिसेप्शनमध्ये कोट घालून काढलेला. विनोदचं मोबाइलच्या कव्हरांचं दुकान आहे. लोक फोन करून डॉक्टरांना मागत आणि मी सांगत असे, "डॉक्टर दौऱ्यावर आहेत." फोन ठेवल्यावर मला पाणी प्यावंसं वाटे. तरी पुढच्या फोनला मी तेच सांगत असे.

मग एक दिवस रेणुकाने स्क्रीनकडे बघत म्हटलं, "सर, आपण गेलो."

सर्च इंजिनने आपली पारख बदलली होती. पहिल्या पानावरचे आम्ही आता दहाव्यावरही नव्हतो. रेणुकाने दोन दिवस वाचून मला समजावलं. पान किती लांब आहे, त्यात कोणता शब्द किती वेळा आला आहे, यावर आता भागत नाही. लिहिणारा कोण, त्याने ते काम स्वतः केलं आहे का, त्या विषयातली इतर माणसं त्याला मानतात का, साइट कुणाची, पत्ता काय, चूक झाली तर दुरुस्त करतात का, अशा सगळ्या खुणा मशीन शोधतं. जिथे चुकीच्या सल्ल्याने माणसाची तब्येत किंवा पोटपाणी बिघडू शकतं, तिथे पारख आणखी कडक. मशीन नीट पारखतं आहे की नाही हे तपासायला जगभर माणसंही बसवलेली असतात. ती पानं वाचून गुण देतात.

"म्हणजे आपल्याला गुण कमी पडले?"

"त्यांच्या गुणांनी थेट नंबर लागत नाही सर. पण ते जे शोधतात, तेच मशीनने शोधावं असा प्रयत्न असतो. आणि आपल्याकडे त्यातलं काहीच नाही."

वर्षभर असंच राहिलं असतं तर ऑफिस बंद करावं लागलं असतं. रेणुकाच्या घरी तिच्याच पगारावर चूल होती, हे मला माहीत होतं.

काका निवृत्त झाल्यावर मावशी नागपुरातच, आमच्या मागच्या गल्लीत राहायला आल्या होत्या. त्या रविवारी त्या जेवायला होत्या. वर्षाने पुडाच्या वड्या केल्या होत्या आणि माझं ताटात लक्ष नव्हतं.

"जावईबापूची तब्येत बरी नाई का वं?"

"तब्येत ठणठणीत आहे," वर्षा म्हणाली. "त्यांच्या साइटची तब्येत बिघडली."

मी सगळं सांगितलं, मला जमेल तसं. मावशींनी वडी खाली ठेवली. त्यांचे डोळे चमकले.

"म्हन्जे तुमची चौकशी झाली."

"तसंच म्हणा."

"आन् तुम्ही नापास झाले." त्यांना इतका आनंद झाला की मलाही हसू आलं. "मले दाखवा ते. कोन्या दारानं आली ते चौकशीवाली, मले पाहाचं हाय."

दुसऱ्या दिवशी काकांच्या स्कूटरवर बसून त्या सदरला आल्या. पुढचा जिना सोडून मागच्या लोखंडी जिन्याने, जिथे चहाचे कप विसळतात तिथून आत शिरल्या. रेणुकाच्या शेजारी खुर्ची ओढून बसल्या. रेणुकाने आमचं सगळ्यात देखणं पान उघडलं.

"खाली ने वं पोरी."

"मावशी, वरून वाचा ना."

"वर समोरची खोली असते. खाली ने. अजून खाली. पत्ता कुठं हाय?"

"पत्ता नाही टाकलेला."

"फोन?"

"एक फॉर्म आहे. तो भरला की आम्ही..."

"घराले दार नाई आन् म्हन्ते चिठ्ठी टाका." मग त्यांना फोटो दिसला. त्यांनी चष्मा पुसला. खाली वाकल्या. "हा तं आपला विनोद हाय."

लेख लिहिणारी मुलं आपापल्या स्क्रीनमागे वाकली.

"याची सोयरीक मीच केली," मावशी म्हणाल्या. "याले भेदराचं आन् वांग्याचं झाड वेगळं सांगता येत नाई. हा डॉक्टर कवा झाला?" भेदर म्हणजे टोमॅटो. त्या एवढ्या हसल्या की खालच्या चष्म्याच्या दुकानातून माणूस वर पाहायला आला. मग पदराने डोळे टिपत त्यांनी रेणुकाला विचारलं, "बरं, या डॉक्टराले वळखते कोन? दुसऱ्या कोनाच्या घरी याचं नाव निंघते का?"

रेणुका माझ्याकडे बघत म्हणाली, "मशीनही हेच बघतं, मावशी. दुसरे काय म्हणतात ते."

"मंग शहानी हाय मशीन. नवरदेवाच्या मायले इचारून चौकशी होते का कुठं?"

त्या दिवसापासून मावशी रोज येऊ लागल्या. कुणी बोलावलं नव्हतं. डबा आणायच्या, मुलांना वाढायच्या आणि एकेक पान वाचून निकाल द्यायच्या. "हे ऐकीव हाय." "हे जेवता जेवता लिवलं." "यात पाच वेळा संत्रा हाय, पन झाड एकबी नाई." त्यांचे निकाल नेहमी बरोबर नसत. दुसऱ्या साइटवरचा एका खऱ्या कृषी प्राध्यापकाचा लेख त्यांनी फोटोतल्या मिश्या फार कोरीव आहेत म्हणून बाद केला. रेणुकाने त्यांना फोन लावून दिला. मावशी त्या निवृत्त सरांशी अर्धा तास बोलल्या आणि फोन ठेवून म्हणाल्या, "मानूस चांगला हाय. मिश्या बायको कापून देते." पुढे हे सर आमच्या फार कामी आले.

अशाच एका दुपारी गजाननभाऊ बोंडे आले. नरखेड तालुक्यातला माणूस. एसटीने आलेला, हातातल्या प्लास्टिकच्या पिशवीत संत्र्याची फांदी आणि खोडाची साल. सालीवर डिंकाचे पिवळे थेंब.

"साखरकर डॉक्टर हायत का? फोनवर भेट होत नाई म्हनून आलो. तुमच्या साइटवर लिवलं होतं तसं खोडाले मातीची भर देली, खोडापाशी पानी सोडलं. आता जास्तच डिंक येऊन राह्यला."

तो लेख माझ्याच हातचा होता. इकडून तिकडून जुळवताना मी दोन वेगळ्या पिकांचा सल्ला एक केला होता. तोंडात सवयीने वाक्य आलं, दौऱ्यावर आहेत. मावशी डबा पुसत होत्या. त्यांनी फक्त माझ्या पाठीमागे नजर टाकली, जणू तिथून अजून धूर निघत असावा.

"डॉक्टर नाहीत," मी म्हणालो.

"कवा येतीन?"

"नाहीत म्हणजे, नाहीतच."

गजाननभाऊंनी टोपी काढली. "अरे बाप्पा. कवा गेले?"

"गेले नाई गा," मावशी म्हणाल्या. "जल्मलेच नाई."

मी सगळं सांगितलं. भाऊ रागावतील, आरडाओरडा करतील, असं मला वाटलं. त्यांनी फक्त पिशवीकडे पाहिलं आणि विचारलं, "मंग हे मी कोनाले दाखवू?"

तो प्रश्न मला अजूनही ऐकू येतो. मावशींनी त्यांना पाणी दिलं आणि विचारलं, "तुह्या गावात कोनाची बाग चांगली हाय?"

"दौलत खुरपड्याची. माह्या धुऱ्यालाच लागून हाय."

"मंग त्याले काहून नाई इचारलं?"

"बोलनं नाई आमचं. धुऱ्यावरून वाजलं होतं."

म्हणजे बांधापलीकडच्या माणसाशी अबोला, म्हणून या माणसाने नागपुरातल्या माझ्यासारख्यावर भरवसा ठेवला होता. मावशींनी कपाळावर हात मारला. "बरं केलंस गा. आता मी जातो त्याच्या घरी. तू सरांशी बोल आंधी." त्यांनी मिश्यावाल्या सरांना फोन लावला. सरांनी पहिली गोष्ट सांगितली ती ही की माती आजच्या आज दूर करा आणि पाणी खोडाला लागू देऊ नका.

भाऊ गेल्यावर आमची खरी भांडणं झाली. रेणुकाचं म्हणणं, डॉक्टर आणि असले सगळे लेख गुपचूप काढून टाकू. मलाही तेच हवं होतं. मावशी ऐकेनात.

"सोयरीक मोडाची असंन तं घरी जाऊन सांगा लागते. नुसतं जानं-येनं बंद केलं तं लोकं वाट पाहात राहतात. त्या डॉक्टराची कोनी वाट पाहून राह्यलं असंन."

"मावशी, हे लिहिलं तर उरलीसुरली साइट बुडेल," मी म्हणालो. "या पोरांनी जायचं कुठे?"

"तुमाले माहीत हाय का, बुडन म्हनून?"

"नाही."

"वं रेणुका, मशीन खरं सांगतल्यावर मारते का?"

रेणुका प्रामाणिक आहे. "माहीत नाही मावशी. कुणालाच माहीत नाही. मशीन कारण सांगत नाही." मग थोडं थांबून म्हणाली, "पण सर, लिहा तुम्ही. मी पगाराचं बघते घरी."

मी लिहिलं. डॉ. विश्वास साखरकर नावाचा माणूस नाही, तो आम्ही बनवला, फोटो दुसऱ्याचा आहे, अमुक लेखातला सल्ला चुकीचा आहे, तो कुणी केला असेल तर काय करायचं ते सरांनी असं सांगितलं आहे. खाली माझं नाव, ऑफिसचा पत्ता, माझा नंबर. त्या साइटवर माझं नाव पहिल्यांदाच लागलं. आठवडाभर फोन वाजत राहिला. काहींनी शिव्या दिल्या, त्या मी ऐकून घेतल्या. एकाने डॉक्टरांना भावपूर्ण श्रद्धांजली पाठवली. सगळ्यात दुखावला विनोद. "भाऊजी, एकडाव इचाराचं तं होतं," तो म्हणाला. "सासरवाडीत दोन ठिकानी मले डॉक्टर म्हनाले लागले होते."

पुढच्या सोमवारी मी, रेणुका आणि मावशी दौलतराव खुरपड्यांच्या गावी गेलो. मावशी अर्थातच गोठ्याकडून आत गेल्या. आम्ही पुढच्या ओसरीवर बसलो. दौलतराव म्हणजे बोलका माणूस. बाग माझी, पाणी माझं, तालुक्यात पहिला ठिबक मी लावला. आतून त्यांच्या बायकोचा आवाज आला, "पयला नाई, तिसरा." मावशी तोवर चुलीजवळ पाटावर बसल्या होत्या. तिथूनच त्या प्रत्येक वाक्याला विचारत, "हे तुम्ही सोता पाह्यलं का ऐकलं?" आणि दौलतराव खाली मान घालून खरं काय ते सांगत. रेणुका दोन रकान्यांत लिहीत होती, पाहिलेलं आणि ऐकलेलं.

पाहिलेलं थोडंच निघालं, पण पक्कं होतं. पाणी खोडाला लागू नये म्हणून झाडाभोवती दोन गोल आळी करायची, पाणी बाहेरच्या आळ्यात. मोरचूद आणि चुन्याचा मलम पावसाआधी आणि पावसानंतर खोडाला लावायचा. रेणुकाने फोटो काढला. दौलतरावांनी बागेच्या कडेच्या एका भरदार झाडाच्या खोडावर हात टाकला आणि छाती काढली. लेख सरांना दाखवला. त्यांनी एक दुरुस्ती केली. मलम लोखंडी बादलीत कालवू नये, प्लास्टिकची घ्यावी, आणि कालवला त्याच दिवशी वापरावा. दौलतरावांना ते लागलं. "आज्याची बादली हाय ते," ते फोनवर म्हणाले. पण लेखात ते आलं. दौलतराव काय करतात, सरांनी काय बदललं, आणि कोणत्या गोष्टीची आम्हाला खात्री नाही, सगळं त्यांच्या त्यांच्या नावाने.

लेख लागल्याच्या दुसऱ्या दिवशी गजाननभाऊंचा फोन. "देवघरे साहेब, त्या फोटोत दौलत्यानं ज्या झाडाच्या गळ्यात हात टाकला, ते झाड माह्यं हाय."

एकच खरा लेख लिहिला आणि त्यातही खोटं. मावशींनी मात्र पदर खोचला. "चला. पाहून येऊ."

आम्ही धुऱ्यावर उभे राहिलो. एका बाजूला गजाननभाऊ, दुसऱ्या बाजूला दौलतराव, मध्ये मावशी. दोघांमध्ये हातभर अंतर, आणि दोघेही मावशींशीच बोलत होते.

"मावशी, त्याले सांगा, झाड माह्यं हाय."

"मावशी, त्याले म्हना, झाड त्याचंच हाय."

गजाननभाऊ गोंधळले. "मंग त्याले इचारा, हात काहून टाकला?"

"त्याले सांगा, दरसाल मलम मीच लावतो त्या झाडाले. मले वाटलं, वळख हाय आमची."

मी पाहिलं. गजाननभाऊंच्या बाजूला धुऱ्याला लागून असलेल्या झाडांच्या खोडांवर निळसर पट्टे होते. डिंक नव्हता तो तेवढ्याच झाडांना. भाऊ इतकी वर्षं समजत होते की ते त्यांचा सालदार करतो. जगभराच्या बढाया मारणाऱ्या दौलतरावांनी ही एक गोष्ट कुणाला सांगितली नव्हती.

मग गजाननभाऊंनी मावशींना बाजूला ठेवून थेट विचारलं, "कवापासून लावतोस?"

"आपलं बोलनं बंद झालं तवापासून," दौलतराव म्हणाले. "तुह्या झाडाचा रोग माह्या झाडाले येऊ नये म्हनून लावतो. जास्त फुगू नको."

मावशी हसल्या आणि मला म्हणाल्या, "लिवा आता."

आम्ही लेखाखाली दुरुस्ती टाकली. वरील फोटोतलं झाड गजानन बोंडे यांचं आहे. त्याला मलम दौलत खुरपडे लावतात. नवा फोटोही टाकला, झाडाच्या दोन बाजूंना दोघे. आमच्या साइटवर इतकी वाचली गेलेली दुसरी ओळ नाही. बागाईतदारांच्या ग्रुपांवर ती फिरली. दुसऱ्या साइटींनी तिचा दुवा दिला, सरांच्या कॉलेजातल्या लोकांनी दिला. गावोगावचे लोक फोन करून सांगू लागले, आमच्या बागेत पण या, आमचंही नाव टाका, आमच्या शेजाऱ्याचं मात्र टाकू नका.

बहुतेक जुनी पानं आम्ही काढली. उरली ती मूठभर, पण प्रत्येक पानाला माणूस होता. पाच-सहा महिने काहीच हललं नाही. घरचे दागिने मोडायची वेळ आली नाही एवढंच. मग हळूहळू आम्ही सापडू लागलो. पूर्वीसारखे सगळीकडे नाही. पण डिंक्या, म्हणजे हा डिंकाचा रोग, विचारला की आता दौलतराव आणि गजाननभाऊ पहिल्या पानावर उभे असतात. दुरुस्तीने झालं, दुव्यांनी झालं की सरांच्या नावाने, मशीनने सांगितलं नाही. ऑफिस मात्र सुरू राहिलं. रेणुका आता माझी भागीदार आहे.

"मशीन बिचारी कोनाच्या मोरीत जाईन?" मावशी म्हणाल्या होत्या. "तिले मागचं दार आपनच उघडून द्या लागते."

गेल्या वर्षी त्या आणि काका मुलाकडे पुण्याला गेले. सातव्या मजल्यावर फ्लॅट. पहिल्याच फोनवर तक्रार. "इथं मागचं दारच नाई, जावईबापू. कोनाच्याच घराले नाई. मानसं वळखाची कशी?" पुढच्या महिन्यात त्यांनी उपाय शोधला होता. "कचरा न्यायले बाई येते ना, तिच्या मांगं उभी राहतो. डबा पाह्यला का घर समजते." त्या इमारतीत आतापर्यंत एक सोयरीक त्यांनी जुळवली आहे.

हे सगळं लिहून झाल्यावर मी त्यांना फोनवर वाचून दाखवलं. त्यांनी शेवटापर्यंत ऐकून घेतलं.

"पेरूचं नव्हतं ते झाड. सीताफळाचं होतं."

वर मी पेरू लिहिलं आहे, ते तसंच ठेवतो आणि दुरुस्ती इथे करतो. त्या दिवशी झाड नीट पाहिलं असेल तर त्यांनी. मी हात लपवण्यात गुंतलो होतो.

"खाली नाव कोनाचं हाय?"

"माझं."

"मंग बरं हाय."

मी धीर करून विचारलं, "मावशी, तेव्हा घरी काय सांगितलं होतं माझ्याविषयी?"

पलीकडे काका काहीतरी म्हणाले, त्या त्यांना गप्प करत हसल्या. "सांगतलं, पोरगा खोटं बोलते. पन पचत नाई त्याले, गल्लीच्या टोकापर्यंतबी नाई पचत. द्या पोरगी."

त्यांची ती वाक्यं मी इथे लिहून घेतली.

"दिवाळीले येऊन राह्यलो आम्ही," त्या म्हणाल्या. "मागचं दार उघडं ठेवजा."